प्रेरणा, अक्षर आणि पुणे

उपयोजित कलेच्या किंवा ग्राफिक डिझाइनच्या विद्यार्थ्याला शिक्षण संपताना एक प्रश्न हमखास विचारला जातो : तुमच्या कामामागची प्रेरणा कोणती? पुण्यात हा प्रश्न विचारणाऱ्या संस्था आता बऱ्याच आहेत. अभिनव कला महाविद्यालयासारखी जुनी कलाशाळा आहे. सिंबायोसिस आणि एमआयटी यांच्या डिझाइन संस्था या शतकाच्या पहिल्या दशकात निघाल्या. विद्यार्थ्यांची उत्तरे साधारणपणे दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात जर्मनीतील बाउहाउस (१९१९-३३), स्वित्झर्लंडमधील काटेकोर मांडणीची शैली, १९५७ साली तयार झालेला हेल्वेटिका हा टंक अशी नावे येतात. दुसऱ्या प्रकारात 'आपली संस्कृती' येते आणि तिच्यासोबत वारली आकृत्या, पैठणीवरचा मोर, शनिवारवाड्याचा दरवाजा आणि अलीकडे सदऱ्यावर छापलेली मोडी अक्षरे येतात.

वरवर पाहता ही दोन उत्तरे परस्परविरोधी आहेत. आमच्या मते मात्र ती एकाच समजुतीतून निघतात. प्रेरणा म्हणजे कुठेतरी तयार असलेला आकार, तो उचलावा आणि आपल्या कामावर बसवावा, ही ती समजूत. आकार स्वित्झर्लंडहून आणला काय किंवा डहाणूहून आणला काय, उचलण्याची रीत तीच राहते. तो आकार कोणत्या अडचणीतून जन्मला, त्याने कोणाचे काम सोपे केले आणि त्याच्यासाठी काय सोडावे लागले, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. पुण्याच्या छापील अक्षरांचा आणि चित्रांचा गेल्या सव्वादोनशे वर्षांचा इतिहास या प्रश्नांसह वाचता येतो, आणि तसा तो वाचण्याची गरज जितकी डिझाइनच्या विद्यार्थ्याला आहे तितकीच साहित्याच्या विद्यार्थ्यालाही आहे, असे आम्हांस वाटते. कारण या इतिहासातील बरीच मोठी माणसे ही आपल्या वाङ्मयेतिहासातीलच माणसे आहेत. आपण त्यांचा मजकूर शिकवतो. त्यांनी हाताळलेला कागद, ठसा आणि चित्र मात्र वर्गाबाहेर ठेवतो.

भारतातील आधुनिक डिझाइन-शिक्षणाच्या मुळाशी एक लोटा आहे, ही गोष्ट कलाशाळांत परिचित आहे. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. त्याच्याच आधारे पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. देशभर हिंडून पाहिलेल्या वस्तूंपैकी त्या दोघांना आपला साधा पाण्याचा लोटा सर्वांत लक्षणीय वाटला. लोट्याची नक्कल करा, असे त्यांचे म्हणणे नव्हते. तो कसा धरला जातो, डोक्यावर वा कमरेवर कसा पेलला जातो, किती पाणी मावते, कसे ओतले जाते, घासताना हात आत जातो की नाही, अशा असंख्य प्रश्नांची पिढ्यान्‌पिढ्या मिळालेली उत्तरे त्या एका आकारात साठली आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. पुण्यातील अक्षरांना आणि चित्रांना हाच न्याय लावून पाहू.

सुरुवात मोडीपासून करणे योग्य. परंपरा मोडीचे श्रेय यादवांचा मंत्री हेमाद्री याला देते. ते बाजूला ठेवले तरी पेशवाईच्या कारभाराची लिपी मोडी होती, हे पुण्याच्या पेशवे दफ्तरातील हजारो रुमाल सांगतात. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात या दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले, तेव्हा वाचकांना तो मजकूर बालबोध ठशांत वाचायला मिळाला. मूळ कागदाचे रूप मात्र त्यात अर्थातच उतरले नाही. ते रूप असे : लिहिणारा आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढून घेतो आणि मग त्या रेघेला अक्षरे लटकवीत जातो. बोरू शक्य तितका कमी उचलायचा, म्हणून अक्षरांना वळणे आणि गाठी. शब्द सुटे पाडायचे नाहीत, ह्रस्वदीर्घाचा भेद पाळायचा नाही. ही सारी रचना लिहिणाऱ्याच्या सोयीची आहे. दिवसभर पत्रे, हिशेब आणि यादी उतरवणाऱ्या कारकुनाच्या मनगटाची ती लिपी आहे. वाचणाऱ्याने संदर्भावरून शब्द ओळखावा, अशी तिची अपेक्षा आहे.

मोडीचे खिळे पाडता येत नव्हते, असे मात्र नाही. बंगालमधील श्रीरामपूरला विल्यम केरी याच्या छापखान्यात ते पाडले गेले आणि त्याचा १८१० सालचा मराठी कोश मोडीत छापला गेला. तरीही शालेय पुस्तके, नियतकालिके आणि ग्रंथ यांच्यासाठी अखेर बालबोध टिकली. वेगाने लिहिण्याचा जो गुण मोडीला दफ्तरात श्रेष्ठ ठरवीत होता, त्याचा छापखान्यात काही उपयोग नव्हता. छापील पानाला अनोळखी वाचकासाठी स्पष्टता हवी होती. या बदलाचा परिणाम साहित्याच्या अभ्यासकांनी लक्षात घ्यावा असा आहे. मोडीत जो भेद डोळ्यांना दिसतच नव्हता, तो ह्रस्वदीर्घाचा भेद छापील बालबोधीत प्रत्येक ओळीत दिसू लागला आणि म्हणून तो वादाचाही विषय झाला. शुद्धलेखनाच्या आपल्या दीर्घ भांडणात लिपीच्या निवडीचा हा वाटा सहसा मोजला जात नाही. अशा स्थितीत आज सदऱ्यावर किंवा लग्नपत्रिकेवर मोडी नुसती नक्षी म्हणून वापरणे म्हणजे लोटा काचेच्या कपाटात ठेवण्यासारखे आहे. तो दिसतो, पण त्यातून कोणी पाणी पीत नाही.

लोट्यावरून तांबटाची आठवण होणे स्वाभाविक आहे. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे, आणि पुण्याच्या ग्राफिक इतिहासातील पहिले महत्त्वाचे नाव एका तांबटाचेच आहे. १७८६ पासून पेशवे दरबारी इंग्रजांचा वकील असलेला चार्ल्स मॅलेट आणि स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांच्या पुढाकाराने १७९० नंतरच्या काही वर्षांत शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळा चालली. गंगाराम चिंतामण तांबट हा तिथला सर्वांत नामांकित शिष्य. त्याने वेरूळची लेणी रेखाटली, पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडाही रेखाटला; त्याची कित्येक चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. तांब्यावर ठोका देणारा हात युरोपीय पद्धतीचे यथादर्शन शिकतो आणि आपल्याच मुलखातील लेण्यांकडे नव्याने पाहतो, ही घटना 'परके की आपले' या आजच्या पेचापेक्षा कितीतरी मोकळी आहे.

याच सुमारास एका तांबट कारागिराकडून तांब्याच्या पत्र्यावर देवनागरी अक्षरे उलटी कोरवून घेऊन भगवद्‌गीता छापावी, असा बेत नाना फडणविसांच्या मनात होता, असे मुद्रणाचे इतिहासकार अ. का. प्रियोळकर यांनी नोंदवले आहे. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर (१७९५) पुण्यात जी अस्थिरता माजली, तीत हा बेत पुण्यात तडीस गेला नाही. कारागीर मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाला गेला आणि १८०५ साली तिथे गीता छापली गेली. पोथीचे अक्षर तांब्यावर उतरताना त्याचे नियम बदलतात. बोरूची जाडबारीक रेघ शाईच्या ओघाने आपोआप येते. कोरणीला तीच रेघ मुद्दाम घडवावी लागते, तीही आरशातल्यासारखी उलटी. म्हणजे अक्षराकडे 'वस्तू' म्हणून पाहण्याची सुरुवात आपल्याकडे विद्वानाने केली नाही, भांडी घडवणाऱ्या जातीच्या कारागिराने केली. आश्रयदात्यांची नावे मात्र इतिहासात ठळक राहिली, आणि कारागिराचे काम पुढे कोणाच्या पाठ्यपुस्तकात आले नाही.

यानंतरचा टप्पा दगडाचा. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्यात चित्रशाळा काढली. पुढे वासुदेव गणेश जोशी म्हणजेच वासुकाका जोशी यांनी ती दीर्घकाळ चालवली. चित्रशाळेत शिळाछापावर रंगीत चित्रे निघत : रामपंचायतनासारखी देवचित्रे, तशीच मराठ्यांच्या इतिहासातील पुरुषांची चित्रे. ही चित्रे घरोघरच्या भिंतींवर गेली. राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत १८९४ मध्ये निघाला आणि नंतर पुणे जिल्ह्यातच मळवलीला आला. चित्रशाळा त्याच्याही दीड दशक आधीची आहे. चिपळूणकरांची 'निबंधमाला' (१८७४ पासून) आपण मराठी गद्याच्या इतिहासात अगत्याने शिकवतो. परंतु ज्या माणसाने निबंधमाला लिहिली, त्याच माणसाला चार वर्षांत असे वाटले की निबंध पुरेसा नाही, चित्र हवे. त्यानंतर १८८० मध्ये शाळा आणि १८८१ मध्ये 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे त्याच्या आणि सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून निघाली. शाळा, पत्र, छापखाना, पुस्तकांचे दुकान आणि चित्र ही त्याच्या दृष्टीने एकाच कामाची अंगे होती. ज्याला वाचता येत नव्हते त्याच्यापर्यंत इतिहासाची एक विशिष्ट मांडणी पोचवण्याचे साधन म्हणून त्याने चित्राचा विचार केला असावा, असे अनुमान करायला जागा आहे.

'विशिष्ट मांडणी' हे शब्द आम्ही जाणीवपूर्वक वापरतो. त्याच पुण्यातील जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजीचा पवाडा आणि १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापली होती. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली 'दीनबंधू' सुरू केले होते. शिवाजी कोणाचा, इतिहास कोणाचा, याविषयीचा वाद तेव्हा पुण्याच्या छापखान्यांतून चालू होता. भिंतीवरचे चित्र हा वाद घालत नाही. ते एक बाजू घरात आणून बसवते आणि रोजच्या सवयीने ती बाजू म्हणजेच इतिहास होऊन जाते. आजचा विद्यार्थी जेव्हा 'मराठा इतिहासावरून प्रेरित' असे बोधचिन्ह किंवा भित्तिपत्रक करतो, तेव्हा तो बहुधा या निवडलेल्या चित्रांवरून पुढची चित्रे काढत असतो. कोणते चेहरे त्या भिंतीवर आले आणि कोणते आलेच नाहीत, हे त्याने विचारले नाही, तर एकोणिसाव्या शतकातील एका पक्षाची निवड तो निसर्गनियमासारखी पुढे नेईल. हे डिझाइनमधील कौशल्याचे अपयश म्हणता येणार नाही. ते इतिहास न वाचल्याचे अपयश आहे.

छापील पानाचा खरा संघर्ष धातूच्या खिळ्यांशी झाला. रोमन लिपीला मोठी अक्षरे, लहान अक्षरे आणि चिन्हे धरून शंभरएक खिळे पुरत. देवनागरीला जोडाक्षरे, काना-मात्रा, रफार, उकार यांमुळे कित्येक शे लागत. यावर दोन मार्ग निघाले. अक्षर आणि त्याची चिन्हे एकत्र ओतायची तो 'अखंड' खिळा. आणि मूळ अक्षर वेगळे ठेवून वरच्या मात्रा-अनुस्वार व खालचे उकार स्वतंत्र बारीक खिळ्यांनी बसवायचे ती 'डिग्री' पद्धत. डिग्रीत खिळ्यांचे प्रकार कमी होत, पण जुळाऱ्याला एकच ओळ जणू तीन मजल्यांत रचावी लागे. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या ठशांनी देवनागरीला जे घाटदार वळण दिले, त्याचा परिणाम साऱ्या मराठी मुद्रणावर झाला. मात्र सुबकतेबरोबर वेगही हवा होता, आणि तो विशेषतः वृत्तपत्रांना हवा होता. खिळ्यांची संख्या कमी कशी करावी, या प्रश्नात लोकमान्य टिळकांनी लक्ष घातले, ते संपादकाच्या गरजेतून. सावरकरांची 'अ'ची बाराखडी हीसुद्धा याच प्रश्नाला दिलेले एक उत्तर होते. ती रूढ झाली नाही. यंत्राच्या सोयीसाठी वाचकाच्या डोळ्याची सवय किती वाकवता येते, याची मर्यादा तिने दाखवली. बापूराव नाईक यांच्या 'भारतीय ग्रंथमुद्रण' (१९८०) सारख्या ग्रंथातून हा सारा विषय मराठीतच वाचायला मिळतो. डिझाइनच्या विद्यार्थ्यांना स्विस मांडणीचे तत्त्व मुखोद्गत असते आणि डिग्री-अखंड हे शब्दही कानावरून गेलेले नसतात, याला काय म्हणावे?

येथवर अक्षरांविषयी बोललो. पुण्यातच या परंपरेला एक उलट बाजूही मिळाली. शि. द. फडणीस यांनी १९५० च्या दशकापासून 'मोहिनी' आणि 'हंस' यांच्या मुखपृष्ठांवर अशी हास्यचित्रे काढली की ज्यांना शब्दच लागत नाहीत. तरुणाच्या सदऱ्यावर मांजरे आणि शेजारच्या तरुणीच्या साडीवर उंदीर. एवढ्यावर विनोद पूर्ण होतो. तोवरच्या बहुतेक व्यंगचित्रांत चित्राखालचा संवाद हाच विनोद असे आणि चित्र त्याची सजावट. फडणिसांनी ही उतरंड मोडली. पुढे त्यांनी गणिताच्या शालेय पुस्तकांसाठी चित्रे काढली. पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, १९६७ पासून पुण्यातच आहे. गणिताची भीती घालवण्यासाठी चित्र काढणे आणि दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ करणे यांत त्यांनी उच्चनीच मानले नाही. राज्यभरातील मुलांच्या हाती गेलेले हे काम कोणत्याही कलादालनातील चित्रापेक्षा अधिक पाहिले गेले असेल, आणि तरीही 'प्रेरणा' म्हणून त्याचे नाव क्वचितच घेतले जाते.

संगणकाच्या काळातही हा इतिहास पुण्याला सोडून गेला नाही. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्ट हे भारतीय लिप्यांचे तंत्रज्ञान तिथे विकसित होत गेले. १९९१ मध्ये इस्की हे संकेतन राष्ट्रीय मानक झाले. भारतीय लिप्यांना एका चौकटीत बसवणे हे मोठे काम होते. पण चौकट आली की एखाद्या भाषेचा कोपरा कापला जाण्याचा धोकाही आला. हिंदी गृहीत धरून केलेल्या टंकांत आणि प्रणालींत मराठीचा अर्धा 'र' सहजी मिळत नसे. हा प्रश्न नुसत्या रूपाचा नाही. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोन शब्दांत विद्वान कोण आणि स्वयंपाकी कोण, हे त्या लहानशा वळणावर ठरते. तीच गोष्ट पाकळीच्या 'ल'ची आणि देठाच्या 'श'ची. अखेर महाराष्ट्र शासनाला ६ नोव्हेंबर २००९ रोजी शासननिर्णय काढून मराठीची वर्णमाला आणि वर्णांची वळणे सांगावी लागली. जे वळण शतकभर जुळाऱ्याच्या पेटीत निमूट राहिले होते, त्याच्यासाठी आता सरकारी आदेश लागला. मराठी भाषेच्या रक्षणाची भाषणे साहित्यसंमेलनांत पुष्कळ होतात; पण त्या भाषेचा अर्धा 'र' शाबूत राहील की नाही, हे टंक घडवणाऱ्याच्या मेजावर ठरते.

हे ओळखणारी माणसे आपल्याकडे झाली. र. कृ. जोशी (मृत्यू २००८) हे सुलेखनकार, जाहिरात क्षेत्रातील कलादिग्दर्शक, मुंबईच्या आयआयटीतील अध्यापक आणि मराठी कवीही होते. विंडोज प्रणालीबरोबर आलेला 'मंगल' हा देवनागरी टंक त्यांचा. दुसरे नाव अरुण कोलटकरांचे. कोलटकर जे. जे.मध्ये शिकले आणि त्यांची उपजीविका जाहिरातीतील ग्राफिक डिझाइनवर चालली, हे आपण चरित्रातील तपशील म्हणून सांगतो आणि कवितेकडे वळतो. पुणे जिल्ह्यातील जेजुरीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९७६ मध्ये 'क्लिअरिंग हाउस' या कवींच्याच सहकारी प्रकाशनातून निघाले, आणि त्या प्रकाशनाच्या पुस्तकांची रूपरचना कोलटकरांची होती. ओळ कुठे तोडावी, पानावर किती जागा कोरी सोडावी, हे निर्णय कवीचे की डिझाइनरचे, असा प्रश्न त्यांच्या बाबतीत विचारता येत नाही. २००४ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या कवितेवर पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्या पानावर अजून फारच थोडे.

एक आक्षेप येथे संभवतो. डिझाइनच्या विद्यार्थ्याने केवळ पुण्याच्या इतिहासात डोकावावे आणि जगाकडे पाठ फिरवावी, असे आम्ही सुचवतो काय? मुळीच नाही. गंगाराम तांबट स्कॉटिश चित्रकाराकडे शिकला. शिळाछापाचे तंत्र जर्मनीत जन्मले. जोशींचा टंक एका अमेरिकन कंपनीच्या प्रणालीतून घरोघर गेला. पुण्याच्या या इतिहासात शुद्ध देशी असे काहीच नाही. या माणसांनी बाहेरून आणले ते तंत्र. अडचण मात्र इथली होती आणि तिचे उत्तर इथल्या वाचकाला द्यायचे होते. बाउहाउसचा अभ्यासही याच रीतीने करता येईल. त्याचे त्रिकोण-चौकोन बाजूला ठेवून, युद्धानंतरच्या जर्मनीत कारखाना आणि कारागीर यांच्यातील कोणता पेच त्या मंडळींपुढे होता, हे विचारता येईल.

साहित्याच्या अध्यापकांना आमची विनंती याहून साधी आहे. 'निबंधमाला', 'गुलामगिरी', दिवाळी अंकांतील कथा किंवा कोलटकरांची कविता शिकवताना तिची जुनी छापील प्रत, निदान तिच्या पानांची छायाचित्रे, एकदा वर्गात आणावीत. ठसा कोणता, ओळ किती लांब, चित्र कुठे, छापखाना कोणता, किंमत किती, हे विद्यार्थ्यांना पाहू द्यावे. त्याच वर्गात डिझाइनच्या विद्यार्थ्यांनाही बोलवावे. दोघांपुढे एकच पान असेल. एकाला त्यात मजकूर दिसेल, दुसऱ्याला रचना. आणि तासाच्या शेवटी ते पान तसे का झाले, हे दोघांनी मिळून सांगायचे.